अप्पांचं आतड्याचं ऑपरेशन : तीन आठवडे थांबावं का?

नौपाडा_सून :
सासरे 81 वर्षांचे, वजन 46 किलो. मोठ्या आतड्यात उजवीकडे गाठ, बायोप्सीत कॅन्सर. हिमोग्लोबिन 8.1. सर्जन म्हणतात तीन आठवड्यांनी करू. तोवर शिरेतून लोह, प्रथिनं, रोज चालणं. आत्याबाई म्हणतात, कॅन्सर घरात ठेवून बसता कसले? दिवाळीपर्यंत तलावपाळीला फेरी मारणारे अप्पा आता भिंत धरून बाथरूमला जातात. काय करावं?

ऐरोलीकर :
ताई, थांबा. उजवीकडची गाठ बहुतेक वेळा गुपचूप रक्त झिरपवते, म्हणून माणूस असा गळतो. माझ्या आईचंही तेच, ती 79 ची होती. तीन आठवडे अंडी, पनीर, मुगाची धिरडी आणि फुप्फुसांच्या व्यायामाचं, तीन चेंडूंचं ते फुंकायचं खेळणं (फुंकायचं नाही, ओढायचं, आम्ही दोन दिवस उलटंच करत होतो). मात्र पोट फुगलं, वारा सरेना, उलट्या झाल्या, तर तारीख विसरा आणि तडक दाखल करा.

आम्ही फसलो ते वेगळीकडे. ऑपरेशन छान झालं आणि दुसऱ्या रात्री आई सलाईन ओढून म्हशीला पेंड घालायला निघाली! म्हैस जाऊन तीस वर्षं झालेली. वाटलं, डोकंच गेलं. याला डेलिरियम म्हणतात, म्हाताऱ्या माणसांत शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा होतं, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिचं श्रवणयंत्र माझ्याच पर्समध्ये होतं. ते लावलं, चष्मा दिला, रात्री भाऊ उशाशी बसला. चौथ्या दिवशी म्हैस गेली.

निवृत्त_सिस्टर_कळवा :
झोपेची गोळी घरच्या घरी देऊ नका, त्याने गोंधळ वाढतो. आदल्या संध्याकाळपासून उपाशीही ठेवू नका. पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञांना विचारूनच. घरी सोडताना पोटात टोचायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं दिली तर मध्येच बंद करू नका, कधी चार आठवडे असतात.

वाशी_बाबू :
अप्पांना विचारलंत का?

नौपाडा_सून :
बाबूदादा, खरंच नव्हतं विचारलं. आज विचारलं. म्हणाले, "पोटाला शौचाची पिशवी लागणार का तेवढं विचार." सर्जन म्हणाले, उजवीकडची गाठ काढून आतडं बहुधा तिथेच जोडता येतं, खात्री मात्र पोट उघडल्यावरच. अप्पा "बरं" म्हणाले आणि अंडं मागितलं. उद्या पहिलं लोह. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची ठेवली आहे. आत्याबाईंनीच दिली.