प्रति: पेलेट भरा आणि निवांत झोपा?

पेलेट स्मोकर म्हणजे लाकडी पेलेट जाळून त्याच्या धुरावर मंद आचेवर मांस शिजवणारं विजेचं मशीन. त्याबद्दल ‘पेलेट भरले, ११० अंश लावले की सकाळपर्यंत बघायला नको’ हे म्हणणं उन्हाळ्यात पटतं. कोल्हापूरच्या जुलैत अजिबात नाही. पेलेट म्हणजे दाबलेला भुसाच, ओल लागली की फुगून परत भुसा होतो. गेल्या पावसाळ्यात मी मशीनचा पेलेटचा डबा अर्धा भरलेला तसाच ठेवून आठवडाभर गावाला गेलो. परत आलो तर पेलेट आगीकडे ढकलणारा आतला स्क्रू गच्च! सिमेंटच बसलं म्हणा. मशीन खोलून, खरवडून काढण्यात आख्खा रविवार गेला आणि मटणाचा शेवटी तांबडा रस्साच झाला (घरचे खूश, तो भाग वेगळा). आता काम झालं की डबा रिकामा करतो, पेलेट घट्ट झाकणाच्या पिंपात.

घेणाऱ्यांनी अजून एक बघा. अमेरिकेतून कुणी आणून देणार असेल तर ते मशीन बहुधा १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३०. थेट लावलं तर तापमान सांभाळणारा कंट्रोलर जळालाच समजा. आणि लाइट गेली की आगीला हवा देणारा पंखा, स्क्रू दोन्ही बंद, म्हणून छोटा इन्व्हर्टर जोडून ठेवलाय. बॉयलरसाठी मिळणारे स्वस्त पेलेट मात्र चुकूनही वापरू नका. त्यात भुईमुगाच्या टरफलापासून काय काय असतं, आणि तो धूर आपण खाणार असतो.