ग्लासातला बर्फ वितळला अन पाणी वर चढलं, मग पुस्तकात उलटं काऊन लिहिलंय?

प्रतापनगरचा_बाबा:
नमस्कार मंडळी. पोरगी यंदा आठवीत जाणार, सुट्ट्या सुरू आहेत अन बाहेर ४५ च्या वर तापून राहिलं म्हणून दिवसभर घरातच. तिनं वाचलं की पाण्यात तरंगणारा बर्फ वितळला तरी पातळी तेवढीच राहते. म्हटलं करून पाहू. काचेच्या ग्लासात काठापर्यंत गच्च बर्फ भरला, त्यात अर्ध्याच्या खालपर्यंत पाणी टाकलं, स्केचपेननं खूण केली अन कूलरसमोर ठेवला. तासाभरानं पाहतो तर पाणी खुणेच्या दोन बोटं वर! पोरगी म्हणते पुस्तक चुकलं. मले ते पटत नाही, पण डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं म्हणू?

महाल_वाले:
भाऊ, ग्लासाला बाहेरून घाम येतो ना, हवेतली वाफ थंड काचेवर जमते, तेच दिसलं असेल.

प्रतापनगरचा_बाबा:
नाही जी, बाहेरून पुसून पाहिलं. आतलंच पाणी वाढलं.

मानेवाडा_मास्तर:
पुस्तकही बरोबर अन तुमचे डोळेही बरोबर. तुमचा बर्फ तरंगत नव्हता, बुडाला टेकला होता. सगळी गोष्ट तिथंच आहे.
तरंगणारी वस्तू आपल्या वजनाएवढंच पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचं तत्त्व. १०० ग्रॅमचा खडा धरा. पाणी गोठताना फुगतं म्हणून त्याचं आकारमान जवळपास १०९ मिली, त्यातला १०० मिली भाग पाण्याखाली अन ९ मिली डोकं वर. वितळल्यावर पाणी होणार १०० ग्रॅमच, म्हणजे १०० मिली, खड्यानं पाण्याखाली जेवढी जागा अडवली होती बरोब्बर तेवढं, मग पातळी वाढणार कशी? तुमच्या ग्लासात मात्र ढिगाचं वजन ग्लासाच्या बुडावर होतं, पाण्यावर नाही, त्यामुळे वरचा बर्फ वितळून खाली आला ते पाणी नवीनच भर पडली.
आता ग्लास पाऊण भरा, दोनच खडे टाका, बुडाला लागत नाहीत ना ते बघा अन वर ताटली झाका, कूलरच्या हवेत पाणी उडतं. खूण डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा. पोरीला अजून एक करायला सांगा, बर्फ जमवताना आत छोटासा गोटा टाकायचा, पण खडा तरंगला पाहिजे. वितळल्यावर पातळी चक्क उतरते, कारण बर्फात अडकलेला गोटा आपल्या वजनाएवढं पाणी सारत असतो अन तळाला बसला की फक्त आकाराएवढं.

धंतोली_वाचक:
मास्तरांनी मस्त सांगितलं. समुद्राचंही हेच आहे, म्हणून लिहून राहिलो. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरचा बर्फ म्हणजे दुसरा ग्लास, तो तरंगतो. ग्रीनलँड अन अंटार्क्टिकाचा जमिनीवरचा बर्फ म्हणजे बाबांचा पहिला ग्लास, बुडावर टेकलेला. एकट्या ग्रीनलँडचा सगळा वितळला तर जगभर समुद्र साधारण ७ मीटर चढेल. पण तरंगणाऱ्याची काळजी नको असंही नाही. २००२ मध्ये अंटार्क्टिकात लार्सन बी नावाचा तरंगता बर्फाचा पट्टा काही आठवड्यांत फुटला, त्यानं स्वतः पाणी फारसं वाढवलं नाही, पण त्याच्यामागं अडून असलेल्या हिमनद्या मोकळ्या झाल्या अन जोरात समुद्राकडं सरकू लागल्या.
शिवाय समुद्राचं पाणी खारं म्हणून जड, एका लिटरचं वजन १०२५ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे तरंगणारा गोडा बर्फ वितळला तरी किंचित वाढ होतेच. घरी पाहायचं तर पाण्यात मूठभर मीठ विरघळवा, कारण नुसत्या समुद्राइतक्या खारटपणात ग्लासातला फरक डोळ्याला दिसायचा नाही.

प्रतापनगरचा_बाबा:
केलं मंडळी! ताटली झाकून दीड तास ठेवलं, पाणी बरोबर खुणेवर. पोरीनं पुस्तकावरचं ‘चूक’ खोडलं. मिठाच्या पाण्यात थोडं वर चढलेलं दिसलं, ते तिनं स्वतः पट्टीनं मोजलं. तीन वाट्यांत गोटे घालून फ्रीजरमध्ये लावलेत, सकाळी कळवतो.