जामीन राहिलेलं कर्ज 'मिटलं', पण फिटलं नव्हतं. आता आमचं गृहकर्ज अडलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागितला तर तुमचाही वेळ जाईल.

मी आणि बायको दोघंही नोकरी करतो. माझ्या हातात ६१ हजार येतात, तिच्या हातात ४२ हजार. अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर यंदा एक फ्लॅट पसंत पडला. किंमत ४६ लाख. एक लाख इसार दिला आणि ४५ दिवसांत साठेखत करायचं असं लेखी ठरलं. त्यातले १९ दिवस गेले आहेत. कर्ज ३६ लाखांचं हवंय, वरची रक्कम आमच्याकडे तयार आहे. माझं स्वतःचं क्रेडिट कार्ड आहे, त्याचं बिल एकदाही थकलेलं नाही. एक मोटरसायकलचं कर्ज होतं, ते २०१९ साली वेळेत फेडलं. त्यामुळे कर्ज मिळण्याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

बँकेत मॅडमनी माझा क्रेडिट रिपोर्ट (आजवरची कर्जं आणि त्यांच्या परतफेडीचा इतिहास) उघडला आणि विचारलं, "हे पाच लाखांचं कर्ज तुम्ही सेटल केलंत का?" मी म्हटलं, मी असं कर्ज कधी घेतलेलंच नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे माझं नातं लिहिलं होतं: गॅरंटर. आणि खात्याची स्थिती: सेटल्ड. त्या इतिहासावरून ठरणारा क्रेडिट स्कोर ६६४.

२०१७ साली ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मी जामीन राहिलो होतो. आम्ही रोज एकत्र जायचो-यायचो, घरचं आजारपण होतं, मी दोन सह्या केल्या. २०२० पर्यंत त्याने हप्ते नीट भरले. मग त्याची नोकरी गेली. मोरेटोरियम (कोरोनाकाळात हप्ते पुढे ढकलायची मिळालेली सवलत) संपल्यावर हप्ते थकायला लागले. २०२१ मध्ये मला बँकेचे दोन फोन आले, मी त्याच्याशी बोललो, तो म्हणाला बघतो. २०२२ च्या शेवटी त्याचाच फोन आला: "मिटलं रे सगळं, तुझ्यामागची कटकट गेली." मीही सुटकेचा निःश्वास टाकला. आता कळतंय की बाकी होती २ लाख १४ हजार, बँकेने १ लाख ३० हजारांवर तडजोड केली आणि ८४ हजार सोडून दिले. म्हणजे कर्ज मिटलं होतं, फिटलं नव्हतं. हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

सगळ्यात जास्त टोचतंय ते हे की बायको शेजारीच बसली होती आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी जामीन राहिलो हे मी तिला आठ वर्षांत सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. सही केली आणि विसरलो. पण घर तिचंही आहे आणि त्यासाठी साठवलेले पैसेही तिचे आहेत.

घाबरून मी एका एजंटमार्फत आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. एकाने नाही म्हटलं, दुसरा अजून बोलत नाही.

आता मला हे कळत नाही: ते ८४ हजार मी माझ्या खिशातून भरावेत का? भरल्यावर 'सेटल्ड' खरंच जातं का? मी कर्जदारच नव्हतो, तर थेट रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपनीकडे तक्रार करून ही नोंद काढता येईल का? की सरळ बायकोच्या एकटीच्या नावाने अर्ज करावा? तिने आजवर कुठलंही कर्ज घेतलेलं नाही, तिच्या रिपोर्टवर स्कोरच येत नाही.

ज्यांनी हे अनुभवलंय किंवा जे बँकेत काम करतात त्यांनी कृपया लिहा.

---

प्रतिसाद १

सगळ्यात आधी नवे अर्ज थांबवा. एजंटला आजच फोन करून सांगा की यापुढे एकही फाइल कुठे टाकायची नाही. प्रत्येक अर्जाबरोबर तुमच्या रिपोर्टवर चौकशीची नोंद पडते. पंधरा दिवसांत तीन-चार चौकश्या दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र स्कोर कमी होत नाही, त्याची भीती नको. आपल्याकडे असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा. चारही ठिकाणी एकच माहिती असेल असं गृहीत धरू नका. माझ्या भावाच्या बाबतीत एका रिपोर्टमध्ये खातं बंद होतं आणि दुसऱ्यात तेच चालू दिसत होतं.

---

प्रतिसाद २

मी एका बँकेच्या कर्ज विभागात एकवीस वर्षं काम करून निवृत्त झालो. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी तक्रारीबद्दल. क्रेडिट कंपनी स्वतःहून काहीच बदलत नाही. बँक जी माहिती पाठवते तीच तिथे दिसते. तुम्ही तक्रार केलीत तर कंपनी ती बँकेकडे पाठवेल, आणि बँक म्हणेल नोंद बरोबर आहे, कारण ती बरोबरच आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८. त्यामुळे "मी कर्जदार नव्हतो" हा मुद्दा टिकणार नाही. रक्कम, तारीख किंवा थकीत दिवस यांत चूक असेल तर मात्र तक्रार जरूर करा.

आता ८४ हजार. मी फाइल बघायचो तेव्हा स्कोरपेक्षा आधी दोन गोष्टी बघायचो: खात्याची स्थिती आणि महिन्यामहिन्याचा डीपीडी, म्हणजे हप्ता किती दिवस थकला त्याचे आकडे. ६६४ स्कोर पण सगळी खाती 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फेडून बंद, अशी फाइल मी वरच्या साहेबांपुढे मांडू शकायचो. ७२० स्कोर आणि एक 'सेटल्ड' असेल तर पहिला प्रश्न तोच यायचा. त्यामुळे गृहकर्ज हवंच असेल तर माझं मत: भरा. पण पुढचा क्रम सोडू नका.

जुन्या बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: मी जामीनदार, तडजोडीत सोडलेली रक्कम भरायला तयार आहे, ती भरल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवलं जाईल आणि सेटल्डचा शेरा निघेल असं लेखी द्यावं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्या. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. पत्रात रकमेचा नेमका आकडा हवा, कारण काही ठिकाणी मधल्या काळाचं व्याज मागतात. पैसे फक्त कर्जखात्यात, स्वतःच्या बँक खात्यातून. वसुलीवाल्या माणसाच्या हातात काहीही द्यायचं नाही, मग तो कितीही गोड बोलो. त्यानंतर नो ड्यूज पत्र, म्हणजे काहीही बाकी नाही असं बँकेचं पत्र, आणि खात्याचा पूर्ण उतारा घ्या.

२०२५ पासून बँकांना क्रेडिट कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखं महिना-दीड महिना थांबावं लागत नाही. नाहीच बदललं तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती २१ दिवसांत माहिती न देणाऱ्या बँकेने द्यायची की क्रेडिट कंपनीने, हेही नियमात ठरलेलं आहे. पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: थकलेल्या महिन्यांचे आकडे पैसे भरून पुसले जात नाहीत. ते तिथेच राहतील. स्कोर हळूहळू वर येईल. पण 'सेटल्ड' जाऊन 'क्लोज्ड' आलं की बँकेला बोलायला जागा होते.

---

प्रतिसाद ३

वरच्या काकांशी सहमत आहे, फक्त पैसे भरायच्या आधी एक कागद शोधा: तुम्ही सही केलेला जामीनपत्राचा करार. करार कायद्याच्या कलम १३५ नुसार बँकेने जामीनदाराची संमती न घेता कर्जदाराशी तडजोड केली तर जामीनदार मोकळा होतो. तुम्हाला विचारलं होतं का? पोस्टवरून तसं वाटत नाही. अडचण एवढीच की बँकांच्या छापील करारात बहुतेक वेळा हा हक्क जामीनदाराने आधीच सोडून दिलेला असतो. ते कलम तुमच्या करारात नसेल तर वकिलामार्फत बँकेला नोटीस देता येईल, आणि मग बोलणी वेगळ्या पातळीवर होतील. पण त्याला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे २६ दिवस आहेत.

पैसे भरलेत तर ते त्या सहकाऱ्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, कलम १४५. मुदत भरल्यापासून तीन वर्षं. म्हणून भरल्याची पावती जपा आणि त्याला आधी एक लेखी सूचना पाठवा. मैत्री आहे म्हणून तोंडी ठेवू नका.

---

प्रतिसाद ४

ताईंच्या एकटीच्या नावाबद्दल लिहिते, कारण आम्ही तेच केलं होतं. स्कोर नसणं म्हणजे वाईट स्कोर नव्हे. रिझर्व्ह बँकेने कुठलाही किमान स्कोर ठरवून दिलेला नाही; ज्याने पहिल्यांदाच कर्ज मागितलंय त्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये असंच धोरण आहे. पण गणित आडवं येतं. २० वर्षं आणि साडेआठ टक्के धरले तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. ३६ लाखांना ३१ हजारांच्या वर. ४२ हजार पगारावर बँक हप्त्यासाठी निम्मे धरेल, म्हणजे २१ हजार, म्हणजे २४ लाखांच्या आसपास कर्ज. वरचे १२ लाख कुठून आणणार? शिवाय फ्लॅट दोघांच्या नावावर करायचा असेल तर बँक सहसा दोघांनाही अर्जदार करून घेते, आणि मग तुमचा रिपोर्ट आलाच.

आणखी एक, दादा, माफ करा, पण हे तिच्याशी बोलून ठरवा. तिच्या नावावर एवढं कर्ज टाकायचा निर्णय धाग्यावर घेऊ नका.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चौथ्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वाचून मी आधी फोन ठेवला आणि बायकोशी बोललो. दोन तास बोललो. ती रागावली पैशासाठी नाही, मी सांगितलं नाही म्हणून. मग तिनेच जुन्या कागदांतून जामीनपत्राची झेरॉक्स शोधून काढली. हक्क सोडल्याचं कलम त्यात आहे, खाली माझी सही आहे. तो मार्ग बंद.

आज दोघंही जुन्या बँकेत गेलो. अर्ज दिला, पोच घेतली. व्यवस्थापक म्हणाले विभागीय कार्यालयाकडून पत्र यायला आठवडा लागेल, व्याज मागणार नाही असं वाटतं. 'वाटतं' या शब्दावर मी थांबलोय, पत्र येईपर्यंत काही भरणार नाही. एजंटलाही थांबवलं.

सहकाऱ्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, सेटल्डचा तुझ्यावर असा परिणाम होतो हे मला खरंच माहीत नव्हतं. दरमहा पाच हजार देतो म्हणाला. त्याला लेखी मागितलं, तो हो म्हणाला.

इसाराचं काय करू? घरमालकांना हे सगळं सांगावं का?

---

प्रतिसाद २

सांगा, आणि मुदत संपायच्या आधी सांगा. ३० दिवसांची वाढ मागा आणि ती इसार पावतीवरच लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. तोंडी वाढ धरू नका. पहिल्या बँकेतल्या मॅडमना जुन्या बँकेच्या अर्जाची पोच दाखवून ठेवा. फाइल नामंजूर न करता प्रलंबित ठेवा अशी विनंती करा. नामंजूर झाली तर पुन्हा नवी चौकशी पडेल.

---

धागाकर्ता

दीड महिन्यानंतर लिहितोय. पत्र नवव्या दिवशी आलं, ८४ हजारच, व्याज नाही. त्याच दिवशी भरले. घरमालकांनी मुदत वाढवून दिली, पावतीवर सह्या झाल्या. भरल्यानंतर अठराव्या दिवशी पहिल्या बँकेने जो रिपोर्ट बघितला त्यात 'क्लोज्ड' आलं. स्कोर ६८१. मॅडमनी नो ड्यूज पत्र, जुना उतारा आणि माझं एक पानी स्पष्टीकरण जोडून फाइल वर पाठवली. काल ३४ लाखांचं मंजुरीपत्र मिळालं. व्याजदर इतरांपेक्षा पाव टक्का जास्त आहे. दोन लाख आम्ही पीएफमधून काढतोय.

सहकाऱ्याचे पहिले पाच हजार आले.

दोन प्रश्न उरलेत: एका दुसऱ्या क्रेडिट कंपनीच्या रिपोर्टमध्ये अजून 'सेटल्ड'च दिसतंय, ते सोडून द्यावं का? आणि तो पाव टक्का कायमचा आहे का?

---

प्रतिसाद २

सोडू नका. तीच कागदपत्रं जोडून त्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक व तारीख लिहून ठेवा. ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे.

पाव टक्का कायमचा नाही. तुमचा दर रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी, जोडलेला असेल, वरचा पाव टक्का तुमच्या जोखमीचा आहे. वर्षभर हप्ते नीट गेले आणि स्कोर वर आला की शाखेत लेखी अर्ज करून तो कमी करायला सांगा. नाही म्हणाले तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही. मंजुरीपत्रात दर बदलता आहे की स्थिर, ते सही करण्याआधी दोघांनी मिळून वाचा.