दंडाचा व्रण: आतल्या बाजूला की मागे?

दंडाची लोंबणारी कातडी काढायच्या शस्त्रक्रियेत (ब्रॅकिओप्लास्टी) काखेतल्या छोट्या छेदावर भागेल का, असा प्रश्न आहे. सैल कातडी काखेलगतच असेल तरच. कोपरापर्यंत लोंबत असेल तर दंडभर व्रण येणारच. तो कुठे ठेवायचा एवढंच ठरवता येतं.

दंडाच्या आतल्या बाजूला, पुढचा स्नायू बायसेप्स आणि मागचा ट्रायसेप्स यांच्यामधल्या खाचेतला व्रण हात खाली असताना झाकला जातो, वर केला की समोरून दिसतो. मागे सरकवलेला समोरून लपतो, पण बिनबाह्यांच्या कपड्यात पाठीमागून दिसतो. तरी मला मागची जागा बरी वाटते. आतल्या बाजूला कोपराच्या वर, बॅसिलिक नावाच्या शिरेलगत एक संवेदी नस (स्पर्शाची जाणीव देणारा मज्जातंतू) वरच्या थरात येते. ती दुखावली की कोपराखाली आतून बधिरपणा राहतो. तिथे छेद घ्यायचाच तर स्नायूंवरच्या खोल आवरणावर चरबीचा थर राखायलाच हवा.

काखेतून सरळ रेषा मात्र कधीच नको. व्रण आकसतो, दोरीसारखा ताणतो आणि हात पूर्ण वर जात नाही. तिथे झेड आकाराचं वळण द्यावं.

छेदाच्या खुणा दंड खांद्याच्या पातळीत आणि कोपर काटकोनात ठेवून करतात. कातडी एकदम काढू नये: सूज पटकन चढते, कडा जुळत नाहीत. थोडं कापायचं, लगेच शिवायचं, मग पुढे. व्रणाची लाली उतरायला वर्षभर तरी धरा.