मदत हवी आहे: पांदणीत अडकलोय, मागचा गिअर तुटला, चाक फिरत नाही (तातडीचं)

सडकछाप२९ (दु. ३.४०)
मंडळी, लवकर सांगा. चिखलदऱ्याहून खाली आलो, पावसानं गाठलं आणि आता मागचा गिअर तुटून लोंबकळतोय. चाक जाम. त्याआधी दोन पंक्चर झालेत, ट्यूब बदलली पण पंपानं हवा जात नाही. मोबाइल २२ टक्के. इथल्या इथे काय करता येईल तेवढंच सांगा, तयारीबद्दलची बोलणी नंतर खाईन.

घाटवाट
सायकल कोणती? गिअर किती? मागे सस्पेन्शन आहे का? नेमकं तुटलंय काय, आणि तू आहेस कुठे?

सडकछाप२९
२९ इंची. पुढे एक, मागे १२. सस्पेन्शन फक्त पुढे. गिअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसतो ती मधोमध तुटली आणि सगळं स्पोकमध्ये घुसलं. धामणगाव गढीच्या खाली पांदणीत आहे. रस्ता वाचेल म्हणून आत शिरलो होतो.

बंडीवाला
पांदनीनं काहून गेला भाऊ? काळी हाये ते. एक सर पडली का आमच्या बंडीचे चाकं जाम होतात, तुह्या सायकलीचं काय घेऊन बसला! आदी चाकातला गारा, म्हंजे चिखल, काड. धुऱ्यावर पऱ्हाटीच्या काड्या असतीन, त्याईनं खरवड. थोडंथोडं पानी नोको टाकू, अजून चिकटते.

घाटवाट
बंडीवाले भाऊ बरोबर सांगताहेत. तुटला तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कच्चा ठेवतात. चिखलानं चाक अडलं, तू जोर लावत राहिलास आणि चेननं गिअर मागे ओढला. चेन-कटर असेल तर चेन उघड, डिरेलर (तो लोंबकळणारा मागचा गिअर) काढून टाक, मधल्या चकतीवर चेन आखूड करून जोड. एका गिअरवर घरी पोचशील.

सडकछाप२९
चेन-कटर नाही.

जुनागॅरेज
कटर कशाला? दगडावर ठेवून खिळा-हातोडीनं पिन ठोकायची. आम्ही आयुष्यभर असंच केलं.

घाटवाट
काका, तुमची चेन जाड होती. १२ गिअरची चेन अरुंद असते, ठोकून परत बसवलेली पिन धरत नाही. त्यातून चेन ताणलेली राहिली तर मोठ्या चकतीवर चढायला बघते आणि तुटते. हा घाटाच्या पायथ्याशी आहे, तोंडावर पडेल.

जुनागॅरेज
पडेल कसा? मी अचलपूर ते अमरावती अशा चेनवर गेलोय.

रानवाटा_ताई
भांडण नंतर. पंपाचं कुणीच बोललं नाही. व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा आहे का? असेल तर टोकाची छोटी पितळी घुंडी आधी सैल करावी लागते, नाहीतर हवा जातच नाही. आणि दोन पंक्चर पाठोपाठ झाले म्हणजे काटा टायरमध्येच आहे. आतून हळूच बोट फिरव. सराटा असेल नाहीतर बाभळीचा काटा.

सडकछाप२९ (दु. ४.३५)
ताई, घुंडी! नवी ट्यूब बारीक तोंडाची आहे, मला माहीतच नव्हतं. हवा भरली. टायरमध्ये बाभळीच्या काट्याचं टोक होतं, नखानं काढलं. भाऊ सायकल धरून उभा आहे, आता गारा काढतो.

रानवाटा_ताई
भाऊ? कोण सोबत आहे?

सडकछाप२९
मावसभाऊ, नववीत आहे. त्याची सायकल ठीक आहे. त्याला पुढे पाठवून गावातून कुणाला तरी बोलवावं म्हणतोय.

रानवाटा_ताई
हे आधी सांगायचं! त्याला एकट्याला पाठवू नकोस. त्या पट्ट्यात बिबट्या आहे. दोघं मिळून दिवस मावळायच्या आत डांबरीला लागा. घरी फोन केलास का?

इतिहासवेडा
चिखलदऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. नावाचा चिखलाशी संबंध नाही. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, अशी कथा सांगतात. भीमकुंड बघितलंत का? आणि तिथे कॉफीही होते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

बंडीवाला
सायेब, पोरगं गाऱ्यात फसलं हाये.

घाटवाट
चेन-कटर नाही तर चेनच्या कड्यांत क्विक लिंक, म्हणजे उघडता येणारी कडी, आहे का बघ, ती वेगळी दिसते. सुतळी कड्यांत ओवून दोन्हीकडून ओढली तर उघडते. उघडली तर चेन काढून खिशात टाक, डिरेलर फ्रेमला बांध. पेडल मारता येणार नाही, पण चाक मोकळं राहील. उतारावर बसून जा, बाकी ढकल. डांबरीवर दुधाची गाडी नाहीतर छोटा हत्ती मिळेल.

सडकछाप२९ (सायं. ६.१०)
डांबरीला लागलो. लिंक सुतळीनं उघडली, सुतळी शेतातल्या काकांनी दिली. त्यांनीच भावाला चहा पाजला आणि दूधवाल्याला थांबवलं. दोन्ही सायकली कॅनांच्या वर बांधल्यात. आईला फोन केला, रागावली आहे. ताई, घाटवाट, बंडीवाले भाऊ, तुमचे फार उपकार. आता हँगर कुठला घेऊ?

जुनागॅरेज
सीटही बदलून घे, एवढ्या अरुंद सीटवर पाठ जाते.

घाटवाट
हँगर फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, अंदाजे मागवू नकोस. २०१९ पासून युडीएच नावाचा सामाईक प्रकार आलाय, तुझ्या फ्रेमला तो चालतो का ते बघावं लागेल. घरी गेल्यावर मागचं चाक काढ आणि तुटक्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो टाक. एक नाही, दोन घे.