मदत हवी आहे : ईपीएस फाइल नीट उघडत नाही (तातडीचे)

शाईवाला
आमच्या छापखान्यात जुन्या गिऱ्हाइकांच्या ढीगभर ईपीएस (छपाईच्या चित्रांचा जुना फॉरमॅट) फाइली पडून आहेत. त्यांच्या पीएनजी काढणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलाय. बाकी सगळे फॉरमॅट उघडतात, ईपीएसने मात्र दोन दिवस खाल्ले. कोणीतरी लवकर सांगा, उद्या मालकांना दाखवायचंय.

निळासावळा
नीट उघडत नाही म्हणजे काय? एरर येते की चित्र बिघडतं? लायब्ररी कोणती? विंडोज की लिनक्स?

खटपट्या
जेपीजीची ईपीएस करायची तर इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप वापरा. लोगोसाठी मी कायम तेच करतो.

निळासावळा
खटपट्या, त्यांना उलटं हवंय.

शाईवाला
विंडोज. लायब्ररी पिलो, पायथनची चित्रं हाताळणारी. आधी घोस्टस्क्रिप्ट (ईपीएस चालवून चित्र काढणारा प्रोग्रॅम) सापडत नाही अशी एरर होती, ते टाकलं. आता चित्र येतं पण भुरकट. रिसाइझने चौपट केलं तर आणखीच वाईट.

निळासावळा
पिक्सेल किती येतात?

शाईवाला
595 बाय 842. पण त्याचा काय संबंध?

निळासावळा
सगळा संबंध तिथेच आहे. ए-फोर कागद पॉइंटात मोजला की 595 बाय 842 भरतो. इंचाला 72 पॉइंट. ईपीएस म्हणजे तयार चित्र नव्हे. इथून तिथे रेघ ओढ, एवढा भाग रंगव, असं सांगणारा तो पोस्टस्क्रिप्ट या भाषेतला प्रोग्रॅम असतो. घोस्टस्क्रिप्ट तो चालवतं आणि पिलो काही न विचारता 72 डीपीआयवर (इंचाला 72 ठिपके) चित्र काढून घेतं. फाइल ओपन केल्या केल्या, कन्व्हर्ट किंवा रिसाइझच्या आधी, पिलोच्या लोड फंक्शनला स्केल 4 द्या. 288 डीपीआयला 2380 बाय 3368 मिळेल. एकदा लोड झाल्यावर स्केल देऊन उपयोग नाही.

कडीकुलूप
प्रोग्रॅम असतो हेच तर मुख्य! अनोळखी माणसाची ईपीएस उघडणं म्हणजे त्याचा कोड आपल्या मशीनवर चालवणं. 2018 मध्ये घोस्टस्क्रिप्टमधल्या त्रुटी उघड झाल्यावर उबंटू लिनक्सने इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या पॉलिसी फाइलीत पीएस, ईपीएस आणि पीडीएफ बंद केले. त्याआधी 2017 मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसनेही ईपीएस चित्रं घालणं बंद केलं होतं. घोस्टस्क्रिप्ट 9.50 च्या आधीचं असेल तर आजच बदला, तेव्हापासून सेफर मोड (फाइलीतल्या कोडला मशीनवरच्या इतर फाइलींपासून रोखणारा) आपोआप चालू असतो.

खटपट्या
दुकानातल्या कॉम्प्युटरला एवढं कोण घाबरतं? ईपीएसचा नाद सोडा आणि सगळं एसव्हीजी या वेबवरच्या रेघांच्या चित्रफॉरमॅटमध्ये करून टाका.

जुना कंपोझिटर
नका हो तसं करू. छपाईच्या फाइलीतले सीएमवायके (छपाईच्या चार शाया) रंग एसव्हीजीत धड टिकत नाहीत. मूळ ईपीएस जपून ठेवा. 1985 साली ॲपलचा लेझररायटर पोस्टस्क्रिप्ट घेऊन आला, तेव्हापासून छपाईचं जग या भाषेवर उभं राहिलं. शाईवाले, मजकूर मराठी आहे का?

शाईवाला
काका, तेच विचारणार होतो. स्केलने चित्र एकदम कोरं करकरीत आलं, निळासावळा यांचे मनापासून आभार. पण एका लग्नपत्रिकेत श्रीगणेशाच्या जागी रोमन अक्षरं आणि कंस दिसतायत.

कडीकुलूप
घोस्टस्क्रिप्टचं व्हर्जन सांगितलं नाहीत अजून.

जुना कंपोझिटर
युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट आहे तो. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट फाइलीत एम्बेड नसेल तर घोस्टस्क्रिप्ट दुसराच लावतं आणि आतली रोमन अक्षरं उघडी पडतात. ईपीएस नोटपॅडमध्ये उघडा. पहिली ओळ टक्का आणि उद्गारचिन्हाने सुरू होईल. त्याखाली डॉक्युमेंट-नीडेड असं लिहिलेल्या ओळी शोधा, बाहेरून लागणाऱ्या फॉन्टची नावं बहुधा तिथेच सापडतील. तो फॉन्ट जुन्या मशीनवर असेल तर तिथेच फाइल उघडून मजकूर कर्व्ह करा (अक्षरांच्या नुसत्या रेघा करून टाका) आणि नवी ईपीएस काढा. कर्व्ह केल्यावर फॉन्ट लागतच नाही.

खटपट्या
मॅकवर प्रिव्ह्यूत उघडून बघा की.

निळासावळा
मॅकच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून प्रिव्ह्यूत ईपीएस उघडत नाही.

शाईवाला
नावं सापडली काका, तीन फॉन्ट आहेत. दोन माळ्यावरच्या मशीनवर निघाले, ती पत्रिका आत्ताच कर्व्ह करून सुटली. तिसऱ्याचं नाव नुसतं आकड्यांचं आहे, तो 11 फाइलींत आहे. व्हर्जन 9.27 निघालं, बदलतोय. त्या 11 फाइलींचं काय करू?

जुना कंपोझिटर
त्या कामांच्या छापील प्रती दप्तरात आहेत का? असतील तर एकीचा फोटो इथे टाका. अक्षराचं वळण बघून फॉन्ट ओळखतो.