चौकोनी केकचे पाच सारखे तुकडे, कडेसकट. कसे करायचे?

रवाळ:
सुट्टी लागली आणि पाच भाचरं माझ्याकडे येऊन पडली आहेत, वय ६ ते १३. काल रव्याचा केक केला. टिन चौकोनी, आतून २० सेमी बाय २० सेमी. त्यात काय एवढं, म्हणून ४ सेमीच्या पाच पट्ट्या कापल्या आणि घरात महाभारत! आमच्याकडे केकपेक्षा त्याच्या खरपूस कडेवर जीव. थोरलीने कंपासपेटीतली पट्टी आणून मोजूनच दाखवलं: टोकाच्या पट्टीला २८ सेमी कड, मधलीला फक्त ८. "आत्या, तू चीटिंग केलंस."
मध्यातून ७२-७२ अंशांच्या फाका कागदावर काढून पाहिल्या, पण त्या उघड लहानमोठ्या दिसतात. केकही सारखा आणि कडही सारखी, असं जमतं का? उद्या परत करायचाय. (दहावीला भूमितीत काठावर पास झालेय, त्या बेताने सांगा.)

कर्णधार:
जमतं. कोन विसरा, कड मोजा. चारी बाजू मिळून ८० सेमी, पाच जणांत प्रत्येकी १६. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने दर १६ सेमीवर सुरीने खूण करा, कोपरा आला तर वळून मोजत राहा. दोन कर्ण जिथे छेदतात तो मध्य. प्रत्येक खुणेपासून मध्यापर्यंत कापा.
कड सारखी झालीच. आता केक. मध्यापासून चारही बाजू १० सेमीवर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, त्याच्या निम्मं. १६ × १० ÷ २ = ८०. ज्या तुकड्यात कोपरा येतो त्याचे दोन त्रिकोण समजा, जसं पाया ४ आणि १२: २० + ६० = ८०. अख्खा केक ४००, त्याचा पाचवा हिस्सा ८०.

शंकासूर:
आणि टिन ३० बाय २० चा असेल तर? आमच्याकडे तोच आहे.

कर्णधार:
मग ही युक्ती फसते. मध्यापासून लांब बाजू १० सेमीवर, आखूड बाजू १५ वर. एकेकाला १२० चौ. सेमी केक द्यायचा तर लांब बाजूवर २४ सेमी कड द्यावी लागते, आखूडवर १६ च. आतलं एक वर्तुळ सगळ्या बाजूंना टेकलं पाहिजे, तरच हे चालतं. सुसम षटकोनात चालेल, कुठल्याही त्रिकोणातही. पाच जणांसाठी चौरस टिन घ्या, भांडणापेक्षा स्वस्त.

रवाळ:
केला! थोरलीने खुणा केल्या, मी कापलं. कड १६-१६, पट्टी लावून तपासली. पण दोन तुकडे त्रिकोणी निघाले आणि त्यांना कोपराच नाही! कोपरा म्हणजे दोन्हीकडून कुरकुरीत, तो सगळ्यांना हवा. आता?

कर्णधार:
पाच जण, चार कोपरे. एकाला मिळणार नाही, त्याला माझा इलाज नाही. दोनाचा एक मात्र करता येतो. पहिली खूण कोपऱ्यावर नको, २ सेमी पुढे करा. मग चार तुकड्यांत एकेक कोपरा येतो आणि त्रिकोण एकच उरतो.

शंकासूर:
त्या त्रिकोणावरून पुन्हा महाभारत.

रवाळ:
नाही झालं. आमच्याकडे नियम आहे, जो वाटतो तो शेवटी घेतो, आणि आज कापणारीही थोरलीच होती. धाकट्यापासून उचलायला सुरुवात. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता, त्रिकोण आपल्याच गळ्यात पडणार म्हणून. तर धाकट्याने पहिला तोच उचलला. सामोशासारखा दिसतो म्हणे.